आधी ऊब, मग चमचा

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचं पत्र:

"ताई, नमस्कार. मी घरी शिवणकाम करते. गेल्या गुरुवारी माझा चौथीतला मुलगा शाळेतून येताना पवननगरच्या बाजूला सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू दप्तरात घालून घेऊन आला. मादी आहे, दीड-दोन महिन्यांची असेल. रंगावरून नाव ठेवलं खारीक. दोन दिवस घरभर बागडली. शनिवारी रात्री उलट्या सुरू झाल्या, रविवारी पाण्यासारखी शी, तिला भयंकर वास. दूध दिलं, तेही उलटून टाकलं. सासरे म्हणाले ओव्याचं पाणी पाजा, शेजारच्या काकू म्हणाल्या माणसांची जुलाबाची गोळी पाव करून द्या. रविवारी डॉक्टर मिळाले नाहीत. सोमवारी मिळाले. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, दोन इंजेक्शनं दिली आणि रोज आणा, घरी पाणी पाजत राहा म्हणाले. पण कसं पाजायचं, किती पाजायचं, हे कळलं नाही. वाटीला ती तोंडच लावत नाही. मुलगा रात्री उठून श्वास चालू आहे का बघतो. सासूबाई म्हणतात, घरात मरण नको. माझ्या दुधामुळे तर हे झालं नाही ना? आणि माझ्याने हे होईल का?"

ताई, तुमच्याने होईल. दिवसभर घरी असणारं, हाताला सवय असलेलं आणि बारीक काम न कंटाळता करणारं माणूस या कामाला लागतं, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईकडे हे तिन्ही असतं. मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं आजारी पिल्लं घरी आणून सांभाळते, आणि जे शिकले ते पशुवैद्यांच्या टेबलाशेजारी उभं राहून शिकले. म्हणून एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते. सलाईन आणि इंजेक्शनं हे डॉक्टरांचं काम आहे, ते डॉक्टर म्हणतील तितके दिवस चालू ठेवा. "आज जरा बरी दिसते" म्हणून मधला एक दिवस गाळू नका. सलाईनच्या एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतचे जे तेवीस तास आहेत, ते मात्र तुमचे. पिल्लू वाचतं ते बहुतेक त्या तासांत, आणि जातं तेही त्याच तासांत.

दुधाचं आधी बोलू, कारण ते तुमच्या मनात रुतून बसलंय. दुधामुळे खारीक आजारी पडली नाही. तुम्ही वर्णन केलंय तसं, म्हणजे आधी उलट्या, मग घाण वासाची पातळ शी, त्यात कदाचित रक्त, आणि पिल्लू एकदम मलूल, असं या वयात झालं की पहिला संशय पार्व्होचा. हा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. तुमच्याकडे ती गुरुवारी आली आणि शनिवारी आजारी पडली, म्हणजे आजार ती येतानाच घेऊन आली असणार. तरीही दूध आता बंद करा. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा साखर जास्त आणि स्निग्धांश निम्म्याहून कमी असतो. आतडं सुजलेलं असताना ती साखर पचत नाही, उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. हळद घातली तरी ते दूधच.

पार्व्होची चाचणी डॉक्टरांकडे शीचा नमुना घेऊन दहा-पंधरा मिनिटांत होते. झाली नसेल तर उद्या विचारा. जंत, गोचिडांमुळे येणारा ताप, रस्त्यावर खाल्लेलं काहीतरी, यांनीही पिल्लं अशीच गळून जातात, आणि औषध प्रत्येकाचं वेगळं. पाणी कमी होणं मात्र सगळ्यांत सारखंच, म्हणून घरचं कामही सारखंच.

हे दरवर्षी याच दिवसांत का होतं, तेही सांगते. भाद्रपद हा कुत्र्यांचा हंगाम. कुत्री व्यायला साधारण त्रेसष्ट दिवस लागतात, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं. पौष येतो तोवर ती दीड-दोन महिन्यांची होतात. आईचं अंगावरचं दूध सुटत आलेलं असतं, जन्मल्यावर चिकातून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं, आणि नाशिकची थंडी नेमकी तेव्हाच हाडात शिरते. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या याच दिवसांतल्या. त्यात मागच्या आजारी पिल्लांनी कोपऱ्याकोपऱ्यात सोडलेला विषाणू महिनोन्महिने टिकून असतो. तुमच्या मुलाने तिला दप्तरात घातलं नसतं तर शनिवारची रात्र तिने गटाराच्या कडेला काढली असती. हे त्याला सांगा.

आता काम. पहिली ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम उलटा करायचा नाही. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं जवळजवळ थांबलेलं असतं. त्यात काहीही घातलं तरी ते तसंच पडून राहतं किंवा उलटून येतं. एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि तो फक्त तिच्यासाठी ठेवा. टोकाला खोबरेल तेल लावायचं, शेपटी अलगद उचलायची, टोक जेमतेम एक-दीड सेंटिमीटर आत. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. हाताला गरम लागली म्हणून ताप समजू नका. ९९ च्या खाली असेल तर तोंडात काही घालू नका, आधी ऊब द्या आणि तोवर डॉक्टरांना कळवा. १०४ च्या वर गेलं तर ऊब काढा आणि थेट दवाखाना.

ऊब म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, त्यात तुमच्या शिवणकामाच्या चिंध्या, सुती आणि वाळलेल्या. खोक्याच्या अर्ध्याच भागात गरम पाण्याची बाटली, जाड कापडात दोनदा गुंडाळून. अर्धाच भाग अशासाठी की तिला जास्त झालं तर सरकून बाजूला जाता आलं पाहिजे. ती सरकण्याइतकी धड नसेल तर तासातासाने तुम्ही तिची कूस बदला. बाटली गार झाली की लगेच बदला, कारण गार बाटली उलट अंगातली ऊब ओढते. हेअर ड्रायर नको, शेगडीजवळ नको, आणि कितीही वास येत असला तरी अंघोळ अजिबात नको. मागचं अंग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. आजारी पिल्लाला थंडीत अंघोळ घालून गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा हेतू स्वच्छतेचाच होता.

दवाखान्यातून आल्यावर पाठीवर पाण्याची पिशवी लोंबल्यासारखा फुगवटा दिसला तर घाबरू नका. ते कातडीखालचं सलाईनच आहे. ते हळूहळू खाली, पुढच्या पायांकडे उतरतं आणि काही तासांत अंगात जिरतं. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर तिचं रक्ताभिसरण मंद आहे किंवा अंग गार आहे, असं समजून डॉक्टरांना सांगा.

पाणी किती कमी झालंय, हे पाहायची सवय लावून घ्या. ओठ वर करून हिरडीला बोट लावा. ओली, निसरडी लागली तर बरं. बोटाला चिकटली तर पाणी कमी आहे. तीच हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली पाहिजे, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी बरंच गेलंय. पिल्लांची कातडी मुळात सैल असते, म्हणून एकट्या कातडीवर विसंबू नका. हिरडी आणि डोळे जास्त खरं सांगतात. डोळे खोल गेलेले असतील तर वाट पाहायची नाही.

डोळ्यांना किंवा हाताला हे जाणवायला लागतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के पाणी गेलेलं असतं. खारीक दीड किलोची धरली तर पाच टक्के म्हणजे ७५ मिली. एक कटिंग चहा. एवढंच. आणि बारा टक्क्यांच्या पुढे जीव धोक्यात, म्हणजे अडीच कटिंगही नाही. पिल्लाच्या बाबतीत "सकाळपर्यंत बघू" का म्हणायचं नाही, ते या हिशोबात आहे.

नुसतं पाणी का पुरत नाही? उलटी-जुलाबात पाण्याबरोबर मीठ आणि पोटॅशियमही जातं, आणि सुजलेलं आतडं साधं पाणी धड शोषत नाही. पण थोडी साखर आणि थोडं मीठ एकत्र आलं की साखर मिठाला आत नेते आणि त्यांच्या मागून पाणी जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला सांगितलं. असंख्य जीव वाचले. कुत्र्याच्या आतड्याची रचना या बाबतीत आपल्यासारखीच आहे. त्या छावणीत रुग्णाजवळ बसून कप भरवणारी माणसंही डॉक्टर नव्हती, हे मला खारीकच्या निमित्ताने तुम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

औषधाच्या दुकानातून ओआरएसची पावडरीची पुडी आणा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली, पुडीवर तसं लिहिलेलं असतं. एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला. पिल्लू लहान म्हणून पाव पुडी अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकू नका. प्रमाण चुकून खारट झालं तर ते अंगातलं पाणी उलट ओढतं. उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या, पुडी महाग नसते. पुडी मिळाली नाही आणि रात्र असेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने कापलेला. खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं नकोत. "शुगर फ्री" असं काही तर मुळीच नको, कारण त्यात साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

आता पाजणं. इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी पंचवटीत आमच्या वाड्याच्या जिन्याखाली एक काळं पिल्लू सापडलं. त्याला असेच जुलाब. मी त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं मांडीवर घेतलं, मान वर केली आणि चमच्याने पाणी ओतलं. ते खोकलं. मला वाटलं, घशात अडकलं असेल, म्हणून आणखी पाजलं. दोन दिवसांनी ते गेलं, आणि जुलाबाने नाही गेलं. पाणी फुप्फुसात गेलं होतं, छातीत न्युमोनिया झाला होता. डॉक्टरांनी मला रागावून नाही, नीट बसवून समजावलं. तेव्हापासून कुणालाही पाजायला सांगताना मी आधी हे सांगते.

पिल्लाला पोटावर बसवा किंवा उभं धरा, जसं ते स्वतः पिताना असतं तसं. डोकं सरळ, नाक वर नाही. पाच मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या. तिचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून, गाल आणि दातांच्या मध्ये सरकवा. समोरून घशाकडे रोखू नका. अर्धा मिली सोडा, थांबा. जीभ हललेली, गिळलेलं दिसलं की पुन्हा अर्धा. खोकला आला तर थांबा, मान खाली करू द्या, शांत होऊ द्या. आणि ती इतकी निपचित असेल की तोंडात थेंब टाकला तरी गिळत नाही, तर काहीही पाजायचं नाही. त्या अवस्थेत पाणी फक्त सुईवाटे जाऊ शकतं.

उलटी झाली की पाऊण-एक तास पोटाला विश्रांती. मग दर पंधरा मिनिटांनी तीन मिली. कमी वाटेल. पण हिशोब करा: तासाला १२, बारा तासांत १४४. दीड किलोच्या पिल्लाची दिवसाची साधी गरजच साधारण दीडशे मिलीच्या आसपास असते, वर जुलाबात जातं ते वेगळं, आणि त्यातला मोठा वाटा सलाईनमधून येतोय. म्हणजे तीन मिली ही थट्टा नाही. दोन-तीन तास काही उलटलं नाही तर पाच मिली करा. एकदम वीस मिली दिले की ताणलेलं पोट ते फेकून देतं आणि तुम्ही होतात तिथे परत. मशीनशेजारी खोकं ठेवा. एक ब्लाउज, एक पाळी पाजायची, असं चालू द्या. एवढ्या थोड्या पाण्यानेही उलटी थांबत नसेल, तर तोंडाने देणं थांबवा आणि त्याच दिवशी पुन्हा दवाखान्यात जा. उलटी थांबवायचं इंजेक्शन असतं. ते नीट लागू पडेपर्यंत घरच्या चमच्याचा उपयोग नाही, आणि कधी कधी शिरेतून सलाईन लावून ठेवून घ्यावंच लागतं. तो तुमचा पराभव नव्हे.

एक आणीबाणी लक्षात ठेवा. ती अचानक थरथरायला लागली, मान टाकली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. पिल्लांकडे साठाच नसतो. बोटावर मध किंवा घट्ट साखरपाणी घेऊन हिरड्यांना चोळा, ओतू नका, आणि चोळत चोळतच रिक्षात बसा.

काकूंची गोळी नको. त्या मायेने सांगतात, पण माणसांची जुलाब थांबवणारी गोळी पिल्लाला गुंगी आणू शकते, आणि पार्व्होत विषारी घाण आत कोंडून ठेवते. तापाची पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, यातलं काहीही नाही. या गोळ्यांनी यकृत, मूत्रपिंड, पोटाचं अस्तर यांचं होणारं नुकसान मूळ आजारापेक्षा भारी पडतं. ओव्याचं पाणी सासऱ्यांनी तुमच्या मुलांना पाजलं असेल आणि त्यांना गुण आला असेल, म्हणून ते सांगतात. सुजलेल्या आतड्याला ते तिखट पडेल. त्यांना पटवायचं तर एवढंच सांगा की डॉक्टरांनी आत्ता काहीही दुसरं नको म्हटलंय. आणि आपल्या नाशिकच्या घरांत हमखास असणारी एक गोष्ट: द्राक्षं आणि बेदाणे. अशक्त आहे म्हणून बेदाण्यांचं पाणी पाजणारी घरं मला माहीत आहेत. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लामुळे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्लं तर चालतं याची सुरक्षित मर्यादा कुणी सांगू शकत नाही. चिंचेतही तेच आम्ल असतं. घरात हंगामाचा माल येत असेल तर खाली सांडलेला मणीही उचला.

खायचं काय. पूर्वी उलटी-जुलाबात पिल्लाला दिवस-दोन दिवस उपाशी ठेवत. आता पशुवैद्य तसं सांगत नाहीत. आतड्याच्या अस्तराला वाढायला तिथे थोडं अन्न पोचावं लागतं, आणि पिल्लाला उपास झेपतच नाही. चार-पाच तास उलटी नसेल तर मऊ भाताची निवळ पेज एक चमचा. ती राहिली तर पुढच्या वेळी त्यात उकडलेल्या कोंबडीचे बिनकातडीचे, बिनहाडाचे तंतू, बोटांनी चुरून. मीठ, कांदा, लसूण, मसाला काही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतो, म्हणून घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊनही चालत नाही. दर तीन तासांनी एक-दोन चमचे. घरात मांसाहार होत नसेल तर दवाखान्यात आजारी कुत्र्यांसाठी डब्यातलं मऊ अन्न मिळतं, ते कोमट करून द्या. गरम झालं की वास सुटतो, आणि आजारी पिल्लू आधी नाकाने जेवतं. जबरदस्तीने तोंडात कोंबू नका.

पेजेचं काम सासूबाईंना द्या, मी हे मनापासून सांगते. "घरात मरण नको" असं म्हणणारी बाई निर्दयच असते असं नाही. बहुतेक वेळा तिने मरण जवळून पाहिलेलं असतं, आणि पुन्हा नातवाला रडताना बघायची तिची तयारी नसते. पेज किती निवळ असावी हे त्यांच्याइतकं तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. हातात वाटी आली की त्यांची भीती थोडी सैल होईल.

मुलाला वही द्या. रकाने आखून: वेळ, किती मिली, उलटी, शी, शू, तापमान. शू फार महत्त्वाची आहे. सहा-आठ तासांत ती झाली नाही किंवा गडद पिवळी झाली, तर पाणी पुरेसं पोचत नाही. ही वही डॉक्टरांसमोर उघडली की त्यांना दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत, आणि "किती पाजू" या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मग नेमकं मिळतं. रात्री मात्र त्याला झोपू द्या. दहा, एक, चार, असे गजर लावा, दोन तुमचे आणि एक घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचा. श्वास बघायचं काम मोठ्यांनी घेतलंय हे त्याला स्पष्ट सांगितलंत तर तो झोपेल.

"ती नक्की बरी होईल" असं त्याला सांगू नका. पार्व्हो असेल तर उपचार मिळालेली बरीच पिल्लं वाचतात, उपचारांशिवाय फार थोडी. तुम्ही उपचार सुरू केलेत. पहिले तीन-चार दिवस कठीण असतात, ते ओलांडले की आशा वाढते. त्याला सांगा: ती खूप आजारी आहे, आपण सगळं करतोय, आणि झालंच काही तर ती गटाराजवळ एकटी नव्हती, आपल्याकडे होती. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. खोटं सांगितलेलंही त्याला कळतं.

आता एक गोष्ट कडक शब्दांत. तिने त्याला किंवा कुणालाही चावा घेतला असेल, दातांचा वा नखांचा ओरखडा असेल, अगदी खेळताना झालेला असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा महापालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस घ्यायची. सरकारी रुग्णालयांत ती मोफत असते. पिल्लू एवढंसं आहे, आजारी आहे, बिचारं आहे, यातलं काहीही रेबीजला लागू होत नाही. लक्षणं दिसल्यावर त्यावर इलाज नाही. जमलं तर हातमोजे घालून पाजा.

कुत्र्यांचा पार्व्हो माणसांना होत नाही. पण पिल्लांच्या पोटातले जंत मुलांना होऊ शकतात, म्हणून शी साफ करणं मोठ्यांचं काम, आणि मुलाने तिला हात लावला की साबणाने हात धुवायचे. फिनाइलने पार्व्हो मरत नाही. आधी घाण पुसून घ्या, मग कपड्यांसाठी मिळणारं द्रव ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा, मग पुसा. ब्लीचमध्ये फिनाइल किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. फरशी सुकेपर्यंत खारीक दुसऱ्या खोलीत. तिच्या चिंध्या धुवायच्या भानगडीत न पडता पिशवीत बांधून टाका. आणि तुमच्या चपला घालून गल्लीतल्या दुसऱ्या पिल्लांना खाऊ घालायला जाऊ नका, विषाणू चपलेवरून जातो.

लगेच दवाखान्यात निघायचं ते केव्हा: शीत रक्त वाढलं, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, पोट फुगून टणक झालं, श्वास जोरात किंवा घरघर करत चालला, झटका आला, किंवा हाक मारल्यावर डोळाही उघडला नाही. रविवार परत येणार आहे, म्हणून आजच दोन-तीन दवाखान्यांचे रविवारचे आणि रात्रीचे वेळ विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पशुसंवर्धन खात्याचा दवाखानाही त्यात असू द्या, तिथला खर्च कमी असतो.

ती उठली, शेपूट हलवली, पुन्हा चिंधी ओढायला लागली, की घरभर आनंद होईल. त्या आनंदात पहिल्याच दिवशी वाटीभर जेवण देऊ नका. आठवडाभर थोडं थोडंच, हळूहळू वाढवत. जंताचं औषध केव्हा ते डॉक्टर तिची ताकद बघून ठरवतील. लसींचंही तसंच: पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत लस देतात, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. आजारातून उठलेल्या पिल्लाला लगेच टोचत नाहीत. तोवर तिला खाली रस्त्यावर सोडू नका, आणि इतर पिल्लांमध्ये तर नकोच, कारण बरं झाल्यावरही काही आठवडे तिच्या शीतून विषाणू जाऊ शकतो.

आज रात्री एक करा. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर त्यावर, नसेल तर खालच्या वाण्याकडून दहा मिनिटांसाठी मागून आणून, खारीकला टोपलीत बसवून वजन घ्या. टोपलीचं वजन वजा करून तो आकडा मुलाच्या वहीत तारखेसह लिहायला सांगा. रोज त्याच वेळी वजन करा. एका दिवसात शंभर ग्रॅम घटले तर ते पाणीच गेलंय, दुसरं काही नाही, आणि डॉक्टरांना फोनवर तेवढं सांगितलं तरी पुरतं. उद्याचा आकडा मलाही कळवा.